चित्र कपातच ठरतं: ओतलेल्या ॲक्रिलिकमध्ये रंग का मळतात, भेगा का पडतात

प्रश्न नागपूरच्या एका ताईंचा आहे. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी ॲक्रिलिक रंग ओतून, म्हणजे कपात रंगांचे थर भरून तो कॅनव्हासवर उपडा करून, अकरा चित्रं केली. व्हिडिओत दिसतात तसे सेल, म्हणजे एका रंगात उमटणारे दुसऱ्या रंगाचे गोल ठिपके, कधी उमटतात, कधी एकही येत नाही. रंग कॅनव्हासवर पडताना सुरेख दिसतात आणि कॅनव्हास चार वेळा इकडेतिकडे कलवला की सगळा चिखल होतो. मार्चअखेर केलेल्या दोन चित्रांना वाळताना भेगा पडल्या, आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, "घरचे म्हणतात, यात तू काय केलंस? रंग आपले आपण वाहिले. त्यांना काय सांगू?"

ताई, मी कोल्हापूरची. शाळेत २४ वर्षं चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची तयारी करून घेतली, आणि गेली नऊ वर्षं माझं स्वतःचं काम बहुतेक ओतलेल्या रंगांतच चाललंय. तुमच्या तक्रारी वाचताना माझी पहिली दोन वर्षं आठवली. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि तुमच्या घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. ओतलेलं चित्र कपात ठरतं. रंग किती जड, किती दाट आणि त्यात पाणी किती, या तीन गोष्टी कप उपडा करण्याआधीच ठरून गेलेल्या असतात. त्यानंतर आपल्या हातात एकच निर्णय उरतो, थांबायचं कधी.

आधी जडपणा घेते, कारण त्याकडे कुणी लक्षच देत नाही. आपण रंगाला लाल, निळा, पांढरा म्हणतो, पण प्रत्येक ट्यूबमध्ये एक भुकटी असते आणि तिला वजन असतं. टायटॅनियम पांढऱ्याची भुकटी पाण्याच्या चौपट जड. तांबडमातीसारखा लाल असतो, लोहाच्या ऑक्साइडचा, तो जवळजवळ पाचपट. उलट थॅलो निळा पाण्याच्या जेमतेम दीडपट आणि दिव्याच्या काजळीसारखा कार्बन काळाही त्याच्या आसपास. बाइंडर, म्हणजे भुकटीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, आणि पाणी मिसळल्यावर हा फरक बराच कमी होतो, पण पुसला जात नाही. आता जड पांढरा खाली आणि हलका निळा वर असेल, तर दोघं शांत बसतात. पांढरा वर आणि निळा खाली असेल, तर पांढऱ्याला खाली जायचं असतं आणि निळ्याला वर यायचं असतं. दोघं एकमेकांना वाट देतात, निळा ठिकठिकाणी खांबासारखा वर चढतो, आणि आपण वरून बघत असल्यामुळे तो खांब आपल्याला गोल ठिपक्यासारखा दिसतो. तोच तुमचा सेल.

म्हणून कप भरताना क्रम महत्त्वाचा. कप उपडा केला की तळाचा रंग वर येतो. मी पांढरा तळाला घालते, त्यावर निळा, मग काळा, मग पुन्हा थोडा पांढरा. कपात पांढरा निळ्याखाली असतो, तोवर तिथे काही हालचाल होत नाही. उपडा केल्याक्षणी जड रंग वर जातो आणि तिथून हालचाल सुरू होते. ज्या दिवशी तुम्हाला सेल आले त्या दिवशी बहुधा पांढरा नकळत तळाला गेला असेल. तुमच्या अकरा चित्रांपैकी किती वेळा पांढरा पहिला घातला होता, आठवून बघा.

हे ज्ञान नवं नाही. मेक्सिकोचे भित्तिचित्रकार डेव्हिड अल्फारो सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये प्रयोगांसाठी कार्यशाळा चालवली होती. गाड्यांना मारायचा लॅकर रंग ते आडव्या फळीवर ओतत आणि एका रंगावर दुसरा रंग ओतून काय होतं ते बघत. या पद्धतीला ते 'अपघाती चित्र' म्हणत. पुढे रंग ठिबकवून केलेल्या चित्रांसाठी गाजलेला जॅक्सन पोलॉकही तरुणपणी त्या कार्यशाळेत होता. पुढे २०१५ साली मेक्सिकोतल्याच संशोधकांनी सिकेरोस यांची ही कृती प्रयोगशाळेत करून पाहिली आणि दाखवून दिलं, की जड रंग हलक्या रंगावर ओतला तरच ती नक्षी उमटते. भौतिकशास्त्रात याला रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. ज्याला ते स्वतः अपघात म्हणत होते, त्यामागे इतका पक्का नियम होता, आणि तो नियम त्यांच्या हाताला आधी सापडला होता.

तुमच्या ट्यूबवर बारीक अक्षरात भुकटीचा क्रमांक असेल. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, पीआर १०१ म्हणजे लोहाचा लाल. शक्यतो एकच क्रमांक असलेला रंग घ्या. तीन-तीन क्रमांकांची ट्यूब म्हणजे आधीच मिसळलेला रंग, आणि तो दुसऱ्यात मिसळला की लवकर मळतो. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त रंगांत भुकटीबरोबर भरणाही बराच असतो, त्यामुळे त्यांचं वजन वरच्या हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाही. खात्री करायची असेल तर काचेच्या छोट्या पेल्यात एकावर एक दोन रंग हलकेच सोडून पाच मिनिटं बघत बसा. कोण कोणाखाली जातो ते दिसतं.

सेल यावेत म्हणून रंगात सिलिकॉन तेलही घालतात, त्याचं काम निराळं आहे. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. त्यामुळे तेलाचा थेंब वर आला की आजूबाजूचा रंग मागे सरकतो आणि खालचा रंग उघडा पडतो. ५० मिलिलिटर रंगाला एक थेंब, फार तर दोन. थेंब टाकल्यावर काडी दोन-तीनदाच फिरवायची, घोटायचं नाही. जास्त घोटलं तर तेलाचे कण बारीक होतात आणि सेलऐवजी मोहरीएवढे ठिपके येतात. ट्रेडमिलच्या पट्ट्याला लावायचं म्हणून जे तेल मिळतं ते बहुधा शुद्ध सिलिकॉन असतं, बाटलीवर वाचून घ्या. काही जणी केसांचं सीरम वापरतात. त्यात डायमेथिकोन असेल तर चालतं, कारण ते सिलिकॉनच. शिलाई मशिनचं तेल किंवा खोबरेल मात्र वापरू नका. माझ्या एका विद्यार्थिनीने खोबरेल घातलं होतं. खोबरेल वाळणाऱ्या तेलांपैकी नाही, त्यामुळे दोन महिन्यांनी बोट लावलं तरी डाग चिकट होता. आणि सेल हवेतच म्हणून प्रत्येक कपात सिलिकॉन घालू नका. मी एकाच रंगात घालते, बहुतेक वेळा काळ्यात. सगळीकडे सेल आले की डोळ्याला विसावा राहत नाही.

आता दाटपणा. पुस्तकांत 'मधाइतका दाट' असं लिहिलेलं असतं, पण मध कुठल्या ऋतूतला? मी मुलांना काकवीने सांगते. गुऱ्हाळावर गरम, नुकती उतरवलेली काकवी पोळीवर सोडली तर धार तुटत नाही, पोळीवर क्षणभर उंचवटा उठतो आणि लगेच सपाट होतो. रंग तसा हवा. काडी उचला, धार परत कपात पडू द्या. धारेचा उंचवटा दिसलाच नाही तर रंग पातळ आहे. तो तीन सेकंदांहून जास्त टिकला तर दाट. एका सेकंदात, फार तर दोन सेकंदांत विरून गेला की झालं. पण याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे: सगळे रंग एकमेकांइतकेच दाट हवेत. एक दाट आणि बाकी पातळ असले, की पातळ रंग वाहून कडेवरून खाली जातात आणि दाट मधेच बसून राहतो. मग आपण त्याला हलवायला आणखी कलवतो, आणि तिथून चिखल सुरू होतो.

डोळ्यांवर विसंबू नका, वजन करा. मी स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणला आणि माझ्या कामात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. पातळ, ओतता येण्याजोगे ॲक्रिलिक असेल तर एक भाग रंग, दोन भाग पोअरिंग मीडियम, म्हणजे रंग वाहता करायला त्यात मिसळायचा द्रव. ट्यूबमधला दाट रंग असेल तर प्रमाण तेच, पण रंग आधी थोड्या मीडियममध्ये गुठळी न ठेवता घोटून घ्यायचा, पिठलं करताना बेसन कालवतो तसा, आणि मग उरलेलं मीडियम. पाणी सगळ्यात शेवटी, चमच्याने नाही तर थेंबाथेंबाने. १२ बाय १२ इंचांच्या कॅनव्हासला कडांसकट सगळे मिळून १५० मिलिलिटर पुरतात. माझा हिशेब सोपा आहे: दर चौरस इंचाला एक मिलिलिटर. तुमच्या फोटोत खाली ठेवलेल्या ताटात जेवढा रंग सांडलाय, त्यावरून तुम्ही याच्या दुप्पट ओतताय असं वाटतं.

तुम्ही मीडियम म्हणून पांढरा गोंद वापरताय, सात भाग गोंद आणि तीन भाग पाणी. सरावाला हे चांगलं आहे, मीही दोन वर्षं तेच केलं, कारण तयार मीडियम महाग पडतं आणि शिकताना बरंच वाया जातं. पण तो गोंद म्हणजे पीव्हीए (पॉलिव्हिनिल ॲसिटेट). वाळल्यावरही तो ओलाव्याने मऊ होतो. नागपुरात कदाचित तुम्हाला जाणवणार नाही. इथे जुलैत दोन चित्रं एकमेकांना टेकून ठेवली होती, ती सोडवताना एकाचा रंग दुसऱ्यावर आला. चित्र कुणाला द्यायचं असेल, विकायचं असेल, तर ॲक्रिलिकचंच मीडियम वापरा. घेणाऱ्याच्या घरी ते पंचवीस पावसाळे काढणार असतं.

मिसळलेले कप झाकून किमान अर्धा तास तसेच ठेवा, रात्रभर ठेवलेत तर आणखी चांगलं. घोटताना शिरलेली हवा वर येऊन फुटते. गुठळ्या असतील तर चहाच्या गाळणीतून गाळा, गाळणी अर्थात वेगळी ठेवलेली.

चिखलाचं दुसरं कारण तुमच्या रंगांच्या यादीत आहे. तुम्ही एका कपात आठ रंग घातलेत: लाल, हिरवा, नारिंगी, निळा, पिवळा, जांभळा, पांढरा, काळा. यात लाल-हिरवा, निळा-नारिंगी आणि पिवळा-जांभळा या तीन विरोधी जोड्या आहेत, आणि विरोधी रंग ओले असताना भेटले की तपकिरी होतात. हे आपण पाचवीच्या मुलांना रंगचक्रावर शिकवतो आणि ओतायला बसल्यावर स्वतःच विसरतो, कारण कपात ते रंग वेगवेगळ्या थरांत देखणे दिसतात. चार रंग पुष्कळ झाले. शेजारचे दोन घ्या, म्हणजे निळा आणि हिरवा, किंवा किरमिजी आणि नारिंगी. त्यांच्या जोडीला पांढरा. आणि एखादा विरोधी रंग हवाच असेल तर अगदी चमचाभर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्याचा किंवा काळ्याचा थर, म्हणजे दोघांची थेट गाठ पडणार नाही. माझं स्वतःचं एक आवडतं मिश्रण आहे: थॅलो निळा, लोहाचा लाल, पांढरा आणि किंचित सोनेरी. निळा आणि तांबडा एकमेकांचे जवळजवळ विरोधी आहेत, तरी ते टिकतं, कारण तांबडा इतका जड आहे की तो स्वतःची जागा धरून राहतो.

एक लक्षात ठेवा: ओलं ॲक्रिलिक दुधाळ असतं, कारण बाइंडर ओला असताना पांढरट दिसतो. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि सगळे रंग एक पायरी गडद होतात. आज नाजूक वाटलेला आकाशी उद्या ठसठशीत निळा दिसेल. हा फरक मिसळतानाच धरून चाला.

आता कलवण्याबद्दल, कारण खरी परीक्षा इथेच असते. कप उचलल्यावर जो डबका तयार होतो तो बहुतेक वेळा सुंदर असतो, आणि त्याला कडांपर्यंत न्यायचं तर कलवावंच लागतं. पण आपण काय करतो? एका कोपऱ्याकडे नेलं, तिथली नक्षी लांबली, आवडली नाही, परत आणलं, दुसरीकडे नेलं. प्रत्येक फेरीत रंग आणखी मिसळतात आणि सेल ओढले जाऊन सुतासारखे होतात. मी आधी चारही कोपरे आणि कडा बोटाने रंगवून घेते. ओल्या कडेवर रंग आपणहून सरकतो, कोरड्या कॅनव्हासवर तो अडतो. मग डबका मधूनच एकेका कोपऱ्यापर्यंत नेते, सावकाश, आणि प्रत्येक वेळी मध्यावर परत आणून मगच पुढच्या कोपऱ्याकडे. चार कोपरे झाले की कॅनव्हास खाली. त्यानंतर कुठेतरी काही खुपतंच. तो हात आवरायला मला जितकी वर्षं लागली, तितकी बाकी कशालाच लागली नाहीत. आता मी कॅनव्हास ठेवला की दहा मिनिटं खोलीबाहेर जाते. परत येते तेव्हा रंग स्वतःहून थोडा सरकलेला असतो, आणि जे खुपत होतं ते अर्ध्या वेळा दिसतच नाही.

ते सरकणं सरळ व्हावं म्हणून टेबल सपाट हवं. डोळ्याला सपाट दिसतं ते पुरेसं नाही. गवंडी वापरतात ती पाणसळ घ्या, कॅनव्हासवर आडवी-उभी दोन्ही ठेवून बघा. रंग तासन्‌तास ओला असतो आणि दोन-तीन मिलिमीटरच्या उतारानेही रात्रीत सगळं एका बाजूला जातं. सकाळी उठून बघावं तर सेल अंडाकृती. कॅनव्हास मधे सैल असेल तर रंग तिथे साचतो. मागच्या लाकडी पाचरी ठोकून तो ताणून घ्या, किंवा मागून चौकटीच्या मापाचा पुठ्ठा बसवा. मोठ्या चित्रांसाठी मी कॅनव्हास सोडून दिला आणि एमडीएफच्या फळीला प्रायमर देऊन वापरते. फळी मधे खचत नाही. चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना चार बोर्डपिना टोचल्या की ती उंचावर राहते आणि खालून निथळणारे थेंब वीस मिनिटांनी काडीने पुसता येतात. ते पुसायला विसरू नका. तसेच वाळले तर चित्र भिंतीला सरळ लागत नाही.

भेगांचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय, आणि खरं तर तुमचा दोष त्यात सगळ्यात कमी आहे. ॲक्रिलिक वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं आणि बाइंडरचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग कातडं तयार होतं. नागपुरात मार्चअखेरीस हवा कोरडी आणि तापलेली. वरचा थर दोन तासांत कातडं धरतो, खालचा अजून ओलाच असतो. मग खालचंही पाणी उडतं, तो आकसतो, आणि वरचं कोवळं कातडं ताणलं जाऊन फाटतं. थर जितका जाड आणि पाणी जितकं जास्त, तितकं आकसणं मोठं. तुम्ही दुप्पट ओतत होता, पाणी सढळ घालत होता, आणि चित्र कूलरसमोर ठेवत होता म्हणजे लवकर वाळेल. कूलरची हवा दमट असली तरी तिचा झोत वाईट. पंख्याचाही तसाच. उन्हात तर कधीच ठेवू नका.

काय करायचं? पहाटे ओता, पाच-साडेपाचला, भिंती थंड असताना. खोलीत पाण्याची बादली किंवा ओला पंचा ठेवा. चित्र सपाट ठेवून त्यावर मोठा पुठ्ठ्याचा खोका उपडा घाला, कडेला दोन-तीन भोकं पाडून, म्हणजे आतली ओल हळूहळू बाहेर जाईल. धुळीपासूनही आडोसा मिळतो. पहिले तीन दिवस उघडून बघायचं नाही, हे कठीण असतं, मला माहीत आहे. माझ्याकडे उलट त्रास. जुलैत चित्र पाच-पाच दिवस ओलं राहतं आणि पावसाळी पाखरं दिव्यावर येऊन नेमकी रंगात पडतात. तेव्हा मी दिवा मालवून अंधारातच वाळू देते. फार थंडीतही सांभाळायला हवं. पारा १० अंशांच्या खाली गेला तर कण नीट चिकटत नाहीत आणि कातडं ठिसूळ होतं. महाबळेश्वरला डिसेंबरात शिबिर घेतलं तेव्हा हे मी पाहिलंय.

भेगा पडलेली ती दोन चित्रं टाकू नका. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे महिनाभराने, भेगांमध्ये ॲक्रिलिक जेल सुरीने भरा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवा, आणि त्यावर अगदी पातळ थर पुन्हा ओता. पॉलिश पेपर फिरवताना कोरडं घासू नका. ती भुकटी श्वासात जाऊ नये.

धुण्याबद्दल एकच सांगते, पण मनापासून. उरलेला रंग मोरीत ओतू नका. ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिक आहे, पाण्यात विरघळलेलं वाटतं म्हणून ते पाणी होत नाही. इथे पंचगंगेच्या काठावर राहून मला ते जमत नाही. कप आणि काड्या आधी जुन्या कापडाने पुसा, उरलेला रंग प्लॅस्टिकच्या कागदावर पसरून वाळू द्या. वाळलेलं कातडं सोलून निघतं, आणि त्याचे तुकडे कोलाजला, पुस्तकखुणांना फार छान उपयोगी पडतात. माझ्याकडे त्याची डबाभर साठवण आहे.

घरच्यांना काय सांगायचं, यावर मी बराच विचार केला. मॉरिस लुई नावाचे अमेरिकन चित्रकार होते, वॉशिंग्टनमध्ये राहणारे. १९५३ साली ते चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलर यांच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत गेले. तिथे लुई यांनी पातळ तैलरंग कोऱ्या कॅनव्हासमध्ये मुरवून केलेलं हेलन यांचं १९५२ चं मोठं चित्र पाहिलं, आणि त्यानंतर लुई यांचं काम बदलून गेलं. ते टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला ॲक्रिलिक रंग कॅनव्हासवर ओतायचे, ब्रश जवळजवळ न लावता. खोली कोणती? घरातली जेवणाची खोली, १२ बाय १४ फुटांची, आणि कॅनव्हास कधी कधी खोलीपेक्षा लांब. म्हणजे चित्र एकावेळी अख्खं दिसतही नव्हतं. रंग कुठे पोहोचेल हे आधी मनात बघितल्याशिवाय ते काम होणंच शक्य नाही. १९६२ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले. आपले रंग पाण्यातले आहेत, त्यांत टर्पेंटाइनची वाफ नाही, तरी खिडकी उघडी ठेवा, आणि गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीने रंगातले हवेचे फुगे फोडत असाल तर आणखीच.

आणि तुम्ही तर नागपूरच्या. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली तुमच्याच शहरात जन्मले. ते ओतत नव्हते, तैलरंग रोलरने आणि सुरीने लावत, खरवडत. पण त्यांची चित्रं प्रत्यक्ष पाहिलीत तर एक गोष्ट जाणवेल: रंगाला थोडी मोकळीक दिलेली आहे आणि ती कुठवर द्यायची हे ठरलेलं आहे. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रं करत. बराच वेळ नुसतं बघण्यात जायचा. आपल्याकडे दख्खनेत तर याहून जुनी परंपरा आहे. विजापूरच्या आदिलशाहीत सतराव्या शतकात पाण्यावर रंग तरंगवून त्याची अबरी नक्षी कागदावर उचलत आणि त्यातून घोड्यांची, माणसांची चित्रं करत. पाणी काय करेल हे त्या कारागिरांना ठाऊक होतं म्हणूनच घोड्याचा आकार घोड्याच्या जागी राहिला.

म्हणून घरच्यांना शब्दांनी काही सांगू नका. त्यांना वही दाखवा. तुमच्याकडे वही नसेल तर आजपासून करा: तारीख, सकाळ की दुपार, खोलीचं तापमान, प्रत्येक रंगाचा क्रमांक आणि ग्रॅममध्ये वजन, मीडियम किती, पाण्याचे थेंब किती, कपातला क्रम, किती वेळा कलवलं, किती तासांनी बोटाला लागेनासं झालं. शेजारी वाळल्यानंतरचा फोटो. माझ्या अशा सहा वह्या झाल्यात. माझे सासरे आधी तुमच्या घरच्यांसारखंच म्हणायचे. एकदा त्यांनी वही चाळली आणि मला विचारलं, हा तांबडा नेहमी शेवटी का घालतेस? त्या दिवसापासून ते ओतायच्या वेळी खुर्ची आणून बसतात.

शेवटचं काम वॉर्निशचं. घाई नको, तीन-चार आठवडे जाऊ द्या. सिलिकॉन वापरलं असेल तर ते पृष्ठभागावर येऊन बसतं आणि वॉर्निश तिथे मागे सरकून खड्डे पडतात. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा, मग साध्या पाण्याने, आणि दोन दिवस वाळू द्या. बोट फिरवल्यावर तेलकट लागलं तर पुन्हा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं अल्कोहोल ॲक्रिलिकच विरघळवतं.

आत्ता मे संपत आलाय. मृग लागायच्या आत एका पहाटे ८ बाय ८ इंचांचा छोटा कॅनव्हास घ्या. थॅलो निळा, कार्बन काळा आणि टायटॅनियम पांढरा, तिन्ही मिळून ६५ मिलिलिटर, पांढरा तळाला, सिलिकॉन अजिबात नको. चार कोपरे, खोका, तीन दिवस. सगळं वहीत लिहा. मग पाऊस स्थिरावला की जुलैत त्याच वजनाचा, त्याच क्रमाचा दुसरा कप तेवढ्याच कॅनव्हासवर ओता आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. किती तासांचा फरक पडला आणि सेल कुठे मोठे झाले, ते मलाही कळवा. नागपूरच्या हवेतली नोंद माझ्या वहीत नाही.